उकळलेलं पाणी विसण घातल्यावर कच्चंच होतं ना? साठवायचं आणि कोमट करायचं कसं?

बेंबळाकाठ

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. नळ एक दिवसाआड येतो, मधल्या दिवशी विहीर. मागच्या पावसाळ्यापासून घरातलं पिण्याचं सगळं पाणी मी उकळून घेते. आम्ही सात जणं, त्यात दोन लहान मुलं. रोज सकाळी मोठ्या गंजात बारा लिटर पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, गॅसवर खळखळ उकळी आणायची, झाकून गार करायचं आणि माठात भरायचं. एवढं करूनही श्रावणात धाकट्याला हगवण लागली. पाच दिवस. ओआरएस आणि झिंकवर निभावलं, सलाईन लावायची वेळ आली नाही, पण पोरगं पार सुकून गेलं. माझं डोकं एकाच गोष्टीवर अडकलं. पाणी तर उकळलेलं होतं!

आशाताईंकडे पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या असतात, जंतू असले की काळ्या पडणाऱ्या. त्यातल्या दोन मागून घेतल्या. एकीत गंजातलं गार झालेलं पाणी भरलं. दुसरीत तेच पाणी, पण माठात ओतल्यावर पाच-सहा तासांनी काढलेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर गंजाची बाटली होती तशीच आणि माठाची काळीकुट्ट.

मग एक दिवस शेतात गेलेच नाही. चुलीपाशी बसून कोण पाणी कसं घेतं तेवढंच बघत राहिले. सासूबाईंना गुडघ्यांमुळे कोमट पाणी लागतं. त्या गंजातलं गरम पाणी गडव्यात घेतात आणि जिभेला चटका बसू नये म्हणून वरून घागरीतल्या गार पाण्याचं विसण घालतात, आंघोळीच्या पाण्याला घालतो तसं. घागरीतलं पाणी विहिरीचं, कच्चं. त्याच गडव्याला धाकटाही तोंड लावतो. उरलेलं पाणी त्या माठात परत ओततात, कारण सुनेने गॅस जाळून उकळलेलं पाणी सांडायचं कसं? त्यांचा हेतू चांगलाच आहे, म्हणून त्यांना बोलायला जीभ रेटत नाही.

जाणत्या लोकांना विचारायचं आहे. उकळलेलं पाणी किती वेळ चांगलं राहतं? सासूबाईंसाठी ते पुन्हा गरम केलं तर चालतं का, आणि कोमट केलं तरी पुरे की परत उकळीच आणावी लागते? माठ ठेवावा की काढून टाकावा?

तुरीचं शेत

ताई, पोराची तब्येत आता कशी हाये? आमच्या घरीबी उकळूनच पेते सारे. पन डॉक्टर सांगते का वीस मिनिटं उकळा. गॅस संपला का चूल, अन् चुलीत पऱ्हाटी. वीस मिनिटं पऱ्हाटी घालत बसलं का बायकोचे डोये लालबुंद होते. खरंच लागते का वीस मिनिटं? का उकळी आली का उतरवलं तरी जमते?

रिटायर आरोग्यसेवक

बेंबळाकाठ ताई, तुम्ही एक दिवस बसून पाहिलंत, तिथेच अर्धं काम झालं. मी तीस वर्षं गावोगाव पाणी शुद्ध करा म्हणून सांगत फिरलो, पण उकळल्यानंतर त्या पाण्याचं काय होतं हे फार कमी घरांत बघितलं. त्याची खंत आजही आहे.

आधी तुरीचं शेत भाऊंच्या प्रश्नाचं बघू. वीस मिनिटांची गरज नाही. हगवण, कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांचे जंतू आणि विषाणू उकळीपर्यंत पोचायच्या आधीच मरायला लागतात. ७० अंशांच्या पुढे त्यांचा टिकाव लागत नाही. पाणी तापतानाचा वेळही कामी येतोच. मग उकळी कशासाठी? कारण ती डोळ्यांना दिसते, थर्मामीटर लागत नाही. तळाशी बारीक बुडबुडे येतात ती उकळी नव्हे. सगळं पाणी वरखाली होऊन खळखळलं की मनात साठ मोजायचे आणि उतरवायचं. समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर तीन मिनिटं सांगतात, पण तेवढा उंच डोंगर विदर्भात नाही. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे पाणी ९६ अंशांच्या जवळपास उकळतं. तिथेही एक मिनिट भरपूर. वहिनींचे डोळे वाचवा.

आता मुख्य मुद्दा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेल्या पाण्यात थोडं क्लोरीन मागे उरतं, ते राखण करतं. उकळलेल्या पाण्याला राखणदार नसतो. गार झाल्यावर त्यात एक बोट बुडलं तरी तिथून पुढे ते कच्च्या पाण्यासारखंच धरायचं. म्हणून किती वेळ टिकतं याचं उत्तर तासांपेक्षा भांड्यात आणि हातात जास्त आहे. घट्ट झाकणाच्या, तोटीच्या, स्वच्छ भांड्यात २४ तास निर्धास्त. उघड्या तोंडाच्या माठात पोरं गिलास बुडवत असतील तर पहिल्या गिलासापर्यंतच.

विसणाबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. अर्ध्या गडव्याला चार घोट कच्चं पाणी घातलं की अख्खा गडवा कच्चा. गरम पाण्याने ते चार घोट शुद्ध होतील असं वाटतं, पण मिसळून झालेलं पाणी चाळीस-पंचेचाळीस अंशांवर येतं. त्याने जंतू मरत नाहीत, उलट त्यांना ती ऊब मानवते. वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, दिवसभर कोमट राहणारं उघडं पातेलं असतं ना, त्याचं तेच. आम्ही लहानपणी हिवाळ्यात तेच प्यायचो. ते तापलेलं असतं, उकळलेलं नसतं.

पुन्हा गरम करण्याबद्दल. उकळून झाकून ठेवलेलं, हात न लागलेलं पाणी पिण्यापुरतं कोमट करायला काहीच हरकत नाही, तिथे उकळी लागत नाही. ते आधीच शुद्ध आहे, आपण फक्त गारठा मोडतो. पण लागेल तेवढंच वेगळ्या स्वच्छ पातेल्यात काढा आणि उरलेलं परत मुख्य भांड्यात ओतू नका, भाजीला वापरा, झाडाला घाला. पाणी उघडं राहिलं असेल, कुणी गडवा बुडवला असेल, नाहीतर नुसती शंका जरी असेल, तर कोमट करून भागणार नाही. पुन्हा खळखळ उकळी आणि पुन्हा साठ.

सासूबाईंना बोलायची गरज नाही. त्यांना विसणाचं गार पाणीच उकळलेलं द्या. कालचं उकळून गार केलेलं पाणी एका झाकणाच्या चरवीत फक्त विसणासाठी ठेवा. सवय तीच, फक्त घागरीच्या जागी चरवी आली.

मेळघाटातून

मी इथे शाळेवर आहे. २०२२ च्या जुलैत चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत कॉलरा झाला, उघड्या विहिरीचं पाणी पिऊन, आणि माणसं दगावली. तेव्हापासून इकडे पहिला पाऊस पडला की मला धडकी भरते. त्या दिवसांत पाणी चहासारखं लाल येतं. तसं गढूळ पाणी थेट उकळू नका. तुरटीचा खडा दोन-तीन वेळा फिरवायचा, दोन तास हलवायचं नाही, गाळ तळाशी बसला की वरचं निवळ पाणी अलगद काढून गाळायचं आणि मग उकळायचं. तळाचा गाळ ढवळला तर सगळी मेहनत वाया.

सर, एक विचारते. आमच्याकडे मेडिक्लोरच्या, म्हणजे क्लोरीनच्या थेंबांच्या, बाटल्या मिळतात. उकळलेल्या पाण्यात टाकावं का?

रिटायर आरोग्यसेवक

टाकता येतं, पण क्रम महत्त्वाचा. आधी क्लोरीन टाकून मग उकळलं तर क्लोरीन उडून जातं. उकळून पूर्ण गार झाल्यावर बाटलीवर लिहिलेत तेवढेच थेंब टाकायचे, ढवळायचं आणि अर्धा तास थांबायचं. म्हणजे त्या पाण्याला राखणदार मिळाला. घरात लहान मूल आणि भांड्याला तोटी नाही, अशा घरासाठी पावसाळ्यात हा उपाय मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. सरपण ओलं असेल आणि उकळणं जमणारच नसेल तर निवळलेल्या पाण्यात नुसतं क्लोरीन टाकलं तरी बहुतेक जंतू जातात.

फडक्याबद्दल जुन्या लोकांशी बोलताना मला नारू नेहमी आठवतो. आमच्या पिढीने पायातून दोऱ्यासारखा जंत काडीला गुंडाळत काढताना पाहिला आहे. पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाणपिसवांमधून तो पोटात जायचा आणि दुहेरी फडक्याने त्या पिसवा खरोखर अडायच्या. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. त्यात फडक्याचा वाटा मोठा होता, म्हणून बुढ्या मंडळींचा फडक्यावर विश्वास आहे आणि तो उगाच नाही. पण हगवणीचे जंतू त्या पिसवांपेक्षा कितीतरी बारीक असतात, ते फडक्यातून सरळ निघून जातात.

खारपाणपट्टा

आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला जिल्हा. इथल्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. आमच्याकडे कितीतरी लोक हेच पाणी दोन-दोनदा उकळतात, मीठ कमी होईल या आशेने. ते होत नाही. उकळताना वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार सगळे भांड्यातच राहतात. बारा लिटरचं उकळून दहा लिटर उरलं तर बारा लिटरचं मीठ दहा लिटरमध्ये आलं. म्हणून आमच्यासारख्यांनी झाकण ठेवून उकळावं, खळखळ उकळीचे साठ मोजून होताच बंद करावं आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा उकळत बसू नये. पिण्यासाठी शक्य झालं तर नळयोजनेचं किंवा पावसाचं पाणी बघावं.

पांढरकवडा रोड

हेच फ्लोराइडचं. आमच्या भागात काही हातपंपांना फ्लोराइड आहे, मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि म्हाताऱ्यांची कंबर वाकलेली दिसते. पिण्याच्या पाण्यात १ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. खारपाणपट्टा भाऊंच्याच हिशेबाने १.५ चं पाणी वाफेत तेवढं आटलं तर १.८ होतं. हातपंपाला लाल रंग दिला असेल तर ते पाणी उकळूनही पिऊ नका. बेंबळाकाठ ताई, तुमच्या विहिरीचा अहवाल ग्रामपंचायतीत मागा. जंतूंची तपासणी आणि रसायनांची तपासणी वेगळी असते, दोन्ही मागा.

तुरीचं शेत

वीस मिनिटाचं सांगितलं म्हनून लय लय आभार काकाजी. घरी वाचून दाखवलं. बायको म्हने, मंग इतके वर्स कोन्हीच कसं सांगितलं नाई?

एक अजून. गॅसवर बारा लिटर उकळाले किती गॅस लागते?

वर्ध्याचा मास्तर

भाऊ, मी विज्ञान शिकवतो, हिशेब करून सांगतो. २५ अंशांचं बारा लिटर पाणी उकळीला आणायला साधारण ३७०० ते ३८०० किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो गॅसमध्ये ४६ हजार किलोज्यूल असतात, पण शेगडीची जवळपास निम्मी उष्णता भांड्याच्या बाजूने निघून जाते. म्हणजे रोज दीडशे ग्रॅमच्या आसपास, महिन्याला साडेचार किलो. १४.२ किलोच्या सिलिंडरचा तिसरा हिस्सा. झाकण ठेवलं, गंजाचा बूड रुंद असला, काजळी घासलेली असली तर आणखी कमी. उकळी आल्यावर वीस मिनिटं चालू ठेवलं तर तो सगळा गॅस वाफेत गेला. म्हणून सातही जणांचं पाणी एकदाच उकळणं आणि नीट राखणं हेच परवडतं. दर वेळी थोडं थोडं उकळण्यात भांडं तापवण्याचाच खर्च होतो.

उकळलेलं पाणी बेचव लागतं अशी मुलांची तक्रार असते. त्यातली हवा निघून गेलेली असते. दोन स्वच्छ भांड्यांत उंचावरून तीन-चार वेळा वरखाली ओतलं की चव परत येते. दोन्ही भांडी उकळत्या पाण्याने धुतलेली हवीत.

दवाखान्यातली सिस्टर

लहान मुलांबद्दल लिहिते, कारण हे बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी देऊच नका. उकळलेलंही नाही, कोमटही नाही, मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरला ४६ अंश असताना सुद्धा नाही. आईच्या दुधात बाळाला लागणारं पाणी असतं. आईला जास्त पाणी द्या. आजी प्रेमाने चमचाभर पाजतात आणि तिथूनच हगवण सुरू होते, हे मी दर उन्हाळ्यात बघते.

डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलं असेल तर पावडरमध्येही जंतू असू शकतात, म्हणून पाणी ७० अंशांच्या वर असताना पावडर घालायची. उकळून उतरवल्यावर अर्ध्या तासाच्या आत. मग बाटली गार पाण्यात धरून दूध कोमट करायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचा. दोन तासांत संपलं नाही तर फेकायचं. ते दूध पुन्हा गरम करून पाजू नका. पाण्याला चालतं ते दुधाला चालत नाही.

ओआरएस उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट घालून करायचं. मिसळल्यावर उकळायचं नाही. २४ तासांनी उरलेलं टाकून नवं करायचं. आणि हगवण थांबली तरी झिंकच्या गोळ्या पूर्ण १४ दिवस द्यायच्या. बेंबळाकाठ ताई, तुम्ही चौदा दिवस दिल्या का? बऱ्याच आया पाचव्या दिवशी बंद करतात.

बेंबळाकाठ

सिस्टर, नवव्या दिवशी बंद केल्या होत्या. पुढच्या वेळी असं होणार नाही.

सगळ्यांचं वाचून तीन आठवडे करून बघितलं, त्याचं लिहिते. विसणाची चरवी सासूबाईंना लगेच पटली. घागरीपेक्षा जवळ असल्यामुळे त्यांना बरंच पडलं. गडव्यात उरलेलं पाणी आता तुळशीला जातं, म्हणजे वाया गेल्यासारखं त्यांना वाटत नाही. माठातून घ्यायला लांब दांड्याचं ओगराळं खिळ्याला अडकवलं. पुन्हा माठाचं पाणी बाटलीत भरलं आणि ते पुन्हा काळं पडलं. या वेळी थोडं उशिरा, दुसऱ्या रात्री, पण पडलंच. त्या रात्री मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी माठ रिकामा करून आत हात घातला. भिंतीला शेवाळासारखा बुळबुळीत थर होता, नखाने निघत होता. वर्षभर मी रोज उरलेल्या पाण्यातच नवं ओतत होते. काथ्याने घासला, उकळत्या पाण्याने धुतला, दोन दिवस उन्हात उपडा ठेवला. आता दोन माठ करून आलटून पालटून वापरायचा विचार आहे, पण धाकटा पाच वर्षांचा होईपर्यंत त्याचं पाणी मी माठात ठेवणार नाही. आठवडी बाजारातून वीस लिटरची स्टीलची तोटीची टाकी आणली. त्यातल्या पाण्याची बाटली ४८ तास झाले, अजून रंग बदललेली नाही. वापरलेल्या बाटल्यांत टीसीएल टाकून त्या पुरल्या, आशाताईंनी तसंच सांगितलं होतं.

दोन अडचणी आहेत. स्टीलमध्ये पाणी गार होत नाही. आणि तोटी गळते, खाली वाटी ठेवावी लागते. त्या वाटीतलं पाणी मांजर पितं ते ठीक, पण धाकटाही तिथेच जातो.

खारपाणपट्टा

गार करायला टाकीभोवती गोणपाट गुंडाळा, सुती दोरीने बांधा आणि दिवसातून तीन-चारदा ओलं करा. सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. आपल्याकडची हवा कोरडी, पाणी उडतं तशी टाकी निवते. माठाइतकं गार नाही, पण मे महिन्यात पिण्याजोगं नक्की होतं. गोणपाट झाकणापर्यंत नेऊ नका, ओघळ आत जातो. बर्फाची लादी घालायचा मोह झाला तर आवरा, तो बर्फ कुठल्या पाण्याचा असतो कुणाला ठाऊक.

वर्ध्याचा मास्तर

तोटी गळते म्हणजे बहुतेक वायसर एकाच बाजूला बसवलेला आहे. चकती, म्हणजे आवळायचा नट, काढून बघा. रबराचा एक वायसर टाकीच्या आतून हवा, एक बाहेरून, मग चकती. हाताने आवळा, पान्याने जोर लावलात तर पत्रा वाकतो. हार्डवेअरच्या दुकानात पाच-दहा रुपयांत मिळतो, पण तोटीच सोबत न्या, मापाला चुकतो. नवा वायसर बसवायच्या आधी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका, रबराचा वासही जातो.

अजून एक बघा. तोटी बुडापासून बोटभर वर असते, त्यामुळे तळाशी ग्लास-दीड ग्लास पाणी कायम राहतं. रोज नवं पाणी भरायच्या आधी टाकी तिरपी करून ते काढून टाका.

बेंबळाकाठ

आत्ताच तिरपी करून बघितली. दीड ग्लास निघालं, तळाशी पांढरी भुकटीही होती. वायसर उद्या आणते.